परड्याकडची भिंत

गेल्या फाल्गुनापासून आमच्या स्वयंपाकघराने चार वेळा जागा बदलली. मूळ जागेवरून ते आधी माजघरात आले. माजघराची फरशी उखडली तेव्हा माडीवर गेले. माडीवरची कौले उतरवायची वेळ आली तेव्हा पुढच्या सोप्यात, गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडले गेले. आणि ज्येष्ठ लागल्यावर पुन्हा मागे, आपल्या जागी परतले. प्रत्येक वेळी आईने आधी मिठाची बरणी हलवली, मग देव हलवले आणि त्यानंतरच गॅसची शेगडी उचलायची परवानगी दिली. या क्रमामागे काही शास्त्र आहे का, हे मी विचारले नाही. धुळीने भरलेल्या घरात कुणीतरी काहीतरी क्रमाने करत आहे, एवढाच त्या दिवसांत मोठा आधार होता.

आमच्याकडे कामाला आलेले मिस्त्री गोकाकच्या बाजूचे, कन्नड बोलणारे. पहिल्या दिवशी घराभोवती फिरून, भिंतींवर टिचक्या मारून झाल्यावर ते आईला म्हणाले, ‘‘अव्वा, मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.’’ आई लगेच म्हणाली, ‘‘आमच्यात पण तेच. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून.’’ आमच्या भागात पुष्कळ गोष्टींवरून वाद होतात. या म्हणीवर कोणत्या भाषेचा हक्क आहे, यावरून झालेला वाद मात्र मी ऐकलेला नाही. फक्त दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांनी घर बांधण्याविषयीच बोलून ठेवले आहे. ज्या घरात आपण जेवतो, झोपतो, आजारी पडतो, तेच घर आपल्या अंगावर उघडे करून दुरुस्त करण्याविषयी त्यांनी काही म्हटलेले नाही. बहुधा त्यांना तशी दुरुस्ती निराळी सांगावीशी वाटली नसेल, कारण तेव्हा घरे राहता राहताच दुरुस्त होत असत.

घर शहापुरात आहे. बेळगावला लागूनच असलेले आणि आता त्यातच मिसळून गेलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, आणि आमचे १९३१ सालचे खरेदीखत त्या काळचे, मोडीत लिहिलेले आहे. त्यानंतर मुंबई राज्य, १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक, असा पत्ता बदलत गेला. घरफाळ्याच्या पावत्यांची भाषा बदलली. शहराचे नाव २०१४ साली कागदोपत्री बेळगावी झाले. घराची रचना मात्र गल्लीतल्या इतर घरांसारखीच राहिली: पुढे कट्टा, मग सोपा, माजघर, त्यावर माडी, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, आणि शेवटी परडे व त्यातला आड. जोत्याला काळा दगड, त्यावर माती आणि विटांची दीड हात जाडीची भिंत, वर लाकडी वासे आणि मंगळुरी कौले.

या घराला एकच दुखणे होते, आणि ते परड्याकडच्या भिंतीचे होते. दर पावसाळ्यात ती भिंत आतून ओली होई. आधी रंगाला फुगे येत, मग पोपडे पडत, आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी वाटावी अशी भर चढे. ती बुरशी नव्हे, लोणा आहे, जमिनीतले क्षार पाण्याबरोबर चढून वर येतात आणि पाणी उडाले की मागे राहतात, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळले. तोपर्यंत आम्ही त्या भिंतीवर करता येण्यासारखे सगळे उपाय करून बसलो होतो. दोनदा महागडा रंग दिला. एकदा ओल रोखण्याचे म्हणून विकले जाणारे रसायन लावले. दहा वर्षांपूर्वी जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत चकचकीत फरशा बसवल्या, तेव्हा दोन पावसाळे भिंत कोरडी दिसली आणि तिसऱ्या पावसाळ्यात ओल फरशांच्या वरच्या कडेवरून, जणू कुंपणावरून डोकावावे तशी, बाहेर आली.

दुरुस्तीची वेळ आली तेव्हा ज्या दोन जाणकारांना घर दाखवले, त्या दोघांनीही ते पाडून स्लॅबचे बांधावे असाच सल्ला दिला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचेही मत तेच होते. ते मत मूर्खपणाचे नव्हते. मला स्वतःलाही काही दिवस ते पटले होते. पण आमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत. आमचे घर पाडायचे म्हणजे त्यांचे वासे अर्धवट अधांतरी ठेवायचे. शिवाय नवे बांधकाम करताना नियमाप्रमाणे चहूकडे जागा सोडली असती, तर आमच्या चिंचोळ्या जागेत घर नव्हे, जिनाच काय तो उभा राहिला असता. तेव्हा जुने घर राखण्याच्या निर्णयात वारशाचे प्रेम वगैरे होते असे मी सांगितले, तर ते खोटे ठरेल. प्रेम नंतर आले, आणि तेही एका भांडणातून.

भांडण आप्पांशी, माझ्या वडिलांशी, होते. आप्पांना जाऊन अकरा वर्षे झाली.

चैत्रातल्या एका दुपारी मिस्त्रींनी परड्याकडच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा फोडायला घेतला. मला वाटले होते, तो तुकड्या-तुकड्यांनी निघेल. पण छिन्नीचे चार घाव बसल्यावर तो दारा-खिडक्यांच्या मापाच्या पाट्यांसारखा सुटून खाली आला. भिंतीला तो चिकटलेला नव्हताच, केवळ स्वतःच्या ताठपणावर उभा होता. आणि त्याच्यामागची माती, ज्या महिन्यात परड्यातली तुळस दोन वेळा पाणी मागत होती त्या महिन्यात, कणकेसारखी मऊ आणि ओली होती. मिस्त्रींनी तिच्यात अंगठा दाबला, तो पेरापर्यंत आत गेला. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्या मोडक्या मराठीत आणि माझ्या त्याहून मोडक्या कन्नडात मला जे समजले ते असे: मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढतेच, तिला ते थांबवता येत नाही, पण ती ते दोन्ही अंगांनी हवेत सोडूनही देते, म्हणून ती शंभर वर्षे टिकते. चुन्याचा गिलावा पाण्याला वाट देतो. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. मग पाणी आत कोंडते आणि वाट मिळेतो वर चढत राहते.

वर चढलेले पाणी कुठवर पोचले होते, ते सुताराने दाखवले. तो वडगावचा, मराठी. माजघरावरच्या सगळ्या तुळयांवर तो हातोडीची पाठ मारत गेला, आणि प्रत्येक तुळई मधोमध खणखणीत वाजली, पण परड्याकडच्या भिंतीत जिथे तिचे टोक शिरत होते तिथे आवाज बद्द झाला. बाहेरून लाकूड धडधाकट दिसत होते. पाच तुळयांपैकी तीन तुळयांची भिंतीत पुरलेली टोके मात्र हाताने कुस्करावीत इतकी कुजली होती, कारण त्यांच्याभोवतीची माती चाळीस वर्षे वाळलीच नव्हती. माडीवर आम्ही सगळे एकत्र जेवायला बसायचो, पाहुणे आले की दहा-दहा माणसे झोपायची, ते सारे या तीन टोकांवर. सुताराने खालून टेकू लावले, कुजलेला दीड हाताचा भाग कापून काढला, नव्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकल्या. ते काम होईतो आठवडाभर आम्ही माजघरातून चालताना आवाज खाली आणून बोलत असू, जणू मोठ्याने बोलल्याने टेकू निसटणार होते.

सिमेंटचा तो गिलावा आप्पांनी १९८४ साली करून घेतला होता. मी तेव्हा सहावीत होतो आणि मला त्या दिवसांतला त्यांचा चेहरा आठवतो. सिमेंट ही तेव्हा आजच्यासारखी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू नव्हती. वर्षानुवर्षे ते सरकारी परवान्यावर मिळत होते. १९८२ साली नियंत्रण सैल झाले आणि पूर्णपणे उठायला १९८९ उजाडले. त्यामुळे आमच्या सोप्यात सिमेंटची पोती येऊन पडली, तेव्हा गल्लीतली माणसे ती पाहून गेली. आप्पा प्रत्येकाला भिंतीवर मूठ आपटून दाखवत आणि म्हणत, ‘‘आता बघायला नको.’’ चाळीस वर्षांनी, तीन तुळयांची भुगा झालेली टोके घमेल्यात भरून परड्यात नेऊन टाकताना, मला ते वाक्य आठवून संताप येत होता. शिकलेला माणूस, आजोबांच्या काळापासून जी भिंत कोरडी होती, ती आपण केल्यावर ओली होऊ लागली, हे त्यांच्या लक्षात कसे आले नाही? की आले होते, आणि मूठ आपटून झाल्यावर माघार घेणे त्यांना जमले नाही? ओल पुन्हा पुन्हा आली तेव्हा ते दर वेळी रंगाऱ्यालाच दोष देत, हेही मला आठवले.

यातले अर्धे मी त्या संध्याकाळी सोप्यात, मोठ्याने बोलून दाखवले. आई शेगडीसमोर भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तुला काय ठाऊक? दरवर्षी दसऱ्याच्या आधी घरभर चुना लावायचं काम माझं आणि तुझ्या आज्जीचं असायचं. गडी लावायला पैसे कुठले? चुना विरवायचा, गाळायचा, दोन-दोन हात मारायचे. बोटांना भेगा पडायच्या, नंतर चटणी-भाकरी खाताना डोळ्यांत पाणी यायचं. परड्याकडची भिंत सगळ्यात वाईट, माती सुटायची, आधी लिंपायची आणि मग चुना. तू पोटात होतास त्या साली मी शिडीवरनं पडले. ह्यांनी तेव्हा म्हटलं, ही भिंत मी असली करतो की कुणाला हात लावायला नको.’’ मग भाकरी उलटून ती म्हणाली, ‘‘करायला पुढं बारा वर्षं गेली, ते सोड.’’

यावर मी काय बोलणार? बोललो नाही. आप्पांचा निर्णय चुकीचाच होता, तुळयांची टोके तशी कुजलेलीच होती. पण त्या भिंतीवर मूठ आपटताना ते नेमके काय दाखवत होते, ते मला तोवर कळले नव्हते. आणखी एक गोष्ट मला दोन दिवसांनी, रात्री झोप येत नसताना जाणवली आणि ती जास्त टोचली. आता मी त्या भिंतीवर पुन्हा चुन्याचा गिलावा करणार होतो, म्हणजे दरवर्षीचा चुना पुन्हा घरात आणणार होतो, आणि तो कोण लावणार याचा विचार मी केलाच नव्हता.

चुना जुळवणे सोपे गेले नाही. बागलकोट-लोकापूरच्या पट्ट्यात चुनखडी भरपूर आहे आणि कळीचा चुना तिकडून आला. पण तो हाताळणारी माणसे कमी झाली आहेत. आमच्या मिस्त्रींनी हे काम त्यांच्या वडिलांच्या हाताखाली, लहानपणी देवळांच्या दुरुस्तीवर केले होते आणि नंतरची सगळी उमेद सिमेंटवरच घालवली होती. परड्यात खड्डा काढून त्यांनी चुना पाण्यात सोडला, तेव्हा तो असा खदखदला की शेजारची मुले कुंपणावर चढून बघू लागली. भट्टीत भाजताना चुनखडीतून जो वायू निघून जातो, तोच भिंतीवर लावलेला चुना हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. हे शाळेत रसायनशास्त्राच्या समीकरणात पाठ केले होते, पण ते समीकरण पुरे व्हायला महिने लागतात हे कुणी सांगितले नव्हते. विरलेला चुना मिस्त्रींनी तीन आठवडे मुरू दिला. त्यात वाळू, विटांची सुरखी, आणि गुळाचे व हिरड्याचे पाणी पडले. गूळ किती घालायचा यावर आई आणि मिस्त्री यांची रोज चर्चा होई. ते चुन्याला सुण्ण म्हणत, कौलाला हंचु आणि तुळईला तोले. आईने हे शब्द आठवड्याभरात उचलले आणि तिला मराठीत सापडलेला तुळई-तोलेचा मेळ ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहिली, तिचा भिंतीशी दूरचाच संबंध आहे. अगदी सुरुवातीला सोप्याचे काम काढले, तेव्हा शहाबादी फरशीखाली एका जागी पहार सरळ आत गेली. त्या जागेवरची फरशी माझ्या लहानपणापासून खचलेली होती आणि पाऊल पडले की डबडब वाजायची. खणल्यावर निघाला कमरेइतका खोल, चौकोनी, कडा बांधून काढलेला खड्डा, डबर भरून बुजवलेला. सुतार बघताक्षणी म्हणाला, हा मागाचा खड्डा, इथे विणकर पाय सोडून बसत असणार. शहापूर-वडगावात मागांची घरे होतीच, साड्यांसाठी हा भाग ओळखला जातो. पण आमचेही घर त्यांतलेच, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या रात्री मी खरेदीखत काढले. त्यातले दोन शब्द आमच्या घरात ‘मागची जागा’ असे, म्हणजे परडे या अर्थाने, वाचले जात होते. घाईच्या मोडीत एखादा काना निसटायचाच. ते ‘मागाची जागा’ होते. एका कान्यापायी आम्ही तीन पिढ्या विणकराच्या खड्ड्यावर बसून पाहुण्यांना चहा देत होतो.

वैशाखाच्या मध्यावर परड्याकडच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा पहिला थर लागला. त्याच वेळी माडीवरचे छप्परही अर्धे उघडे होते. एका चौरस मीटरला १५ कौले आणि प्रत्येकाचे वजन दोन-अडीच किलो, या हिशेबाने आमच्या छपरावर तीन टनांच्या आसपास नुसती माती होती. ती सगळी उतरवून, घासून, फुटकी वेगळी काढून परड्यात रचून ठेवलेली होती. मंगळूरला जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खानापूरच्या मातीतही तशी कौले भाजली जाऊ लागली. आमच्या रचलेल्या ढिगात दोन्हीकडची होती आणि ती एकमेकांत चपखल बसत नव्हती, म्हणून आमचे छप्पर नेहमी एका ठरावीक कोपऱ्यात गळत असे. असो. चुना लावून तिसरा दिवस होता. मिस्त्री आणि त्यांची माणसे शनिवारी गावाकडे गेली होती. दुपारी चारला पश्चिमेकडे आभाळ काळे-निळे झाले आणि साडेचारला वळीव कोसळला.

बेळगावचा वळीव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो सांगायला नको. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीसारखा पाऊस आमच्याकडे पडत नाही; पण वळवाच्या एका तासात तो आपली सगळी हौस भागवून घेतो. माडीवरची ताडपत्री एका बाजूने सुटली आणि शिडाप्रमाणे फडफडू लागली. मी ती धरायला वर धावलो, तर बायको परड्यातून ओरडली की भिंत वाहते आहे. ओल्या चुन्यावर गारा बसत होत्या आणि पांढरे ओघळ जोत्यावरून आडाकडे चालले होते. आम्ही दोघांनी मिळेल ते भिंतीवर धरले: दुसरी ताडपत्री, जुनी सतरंजी, गोणपाटे, सोप्यातल्या फळ्या. आई मागच्या दारात उभी राहून ओरडत होती, ‘‘पाऊस पडूलाय, आत या की रे, भिंत परत करता येईल!’’ आम्ही आत गेलो नाही. पाऊण तास, अंगाला चुना आणि डोक्याला गारा लागत, मी त्या भिंतीला पाठ लावून सतरंजी ताणून उभा राहिलो. पलीकडच्या टोकाला बायको होती. त्या पाऊण तासात आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. मग पाऊस ओसरला, तेव्हा ती म्हणाली की घर बांधण्याऐवजी दुसऱ्यांदा लग्न केले असते तर स्वस्तात पडले असते.

न्हाणीच्या बाजूचा पुरुषभर उंचीचा पट्टा वाहून गेला होता. बाकीची भिंत शाबूत होती. सोमवारी आल्यावर मिस्त्रींनी तिच्यावरून तळहात फिरवला, ओघळलेला भाग खरवडून काढला आणि तेवढा पुन्हा केला. न्हाणीच्या आतल्या अंगाचे सिमेंट मात्र त्यांनी राहू दिले. तिथे रोज तांब्याने पाणी उडते, तिथे सिमेंटच शोभते, असे ते म्हणाले.

मृगाच्या आधी कौले पुन्हा चढली. या वेळी खानापूरची एका पाखाला आणि मंगळूरची दुसऱ्या पाखाला, अशी वेगळी बसवली. पेरणीचे दिवस जवळ आले तसे मिस्त्री गावी गेले. माडीच्या एका खोलीचा गिलावा राहिला आहे. तो आता दिवाळीनंतर होईल. जाताना त्यांनी सांगितले की परड्याकडची भिंत आतून पूर्ण वाळायला निदान दोन पावसाळे जातील, तोवर तिला कपाट चिकटवू नका, रंग लावू नका, आणि खुळ्यासारखे दर दिवशी बघू नका.

आईने त्यांच्या देखतच मला आणखी एक सांगितले. ‘‘दसऱ्याला चुना तू लावायचा. सूनबाईनं हात लावलेला मला चालणार नाही.’’ मी कबूल केले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कुंचा आणि रबरी हातमोजे आणले. हातमोजे पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते कुंच्याबरोबर माजघरातल्या खुंटीला टांगले, आणि शिडी मजबूत आहे का ते बघून घ्यायला सांगितले.

मिस्त्रींचा सल्ला मी मोडला आहे. भिंतीच्या आतल्या अंगाला ओल जिथवर पोचते, तिथे मी दर रविवारी पेन्सिलीने रेघ मारतो आणि बाजूला तारीख लिहितो. पहिली रेघ माझ्या खांद्याजवळ होती. ज्येष्ठात रेघा उतरत गुडघ्यापर्यंत आल्या. आजची रेघ गेल्या रविवारच्या रेघेपेक्षा दोन बोटे वर आहे, कारण मंगळवारपासून पाऊस थांबलेला नाही.